दुधातले विष गोठ्यात नव्हे, गव्हाणीत शोधा

दुधाच्या शुद्धतेचा विषय निघाला की शहरी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर पाणी, युरिया, डिटर्जंट आणि रात्रीच्या अंधारात पिशव्या फोडणारे भेसळखोर उभे राहतात. छापे पडतात, टँकर ओतले जातात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि काही दिवसांनी सारे पूर्ववत सुरू होते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणाने मात्र या समजुतीला मोठाच धक्का दिला होता. २०१८ मध्ये देशभरातून गोळा केलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी आरोग्यास घातक ठरेल अशी भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत आढळली. याउलट ३६८ नमुन्यांत, म्हणजे सुमारे ५.७ टक्के दुधात, 'अ‍ॅफ्लाटॉक्सिन एम-१' हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा अधिक होते. तमिळनाडू, दिल्ली आणि केरळ येथे त्याचे प्रमाण ठळक होते. कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात ही समस्या अधिक दिसली, असेही प्राधिकरणाने नमूद केले होते.

या निष्कर्षातील विसंगती विचार करायला लावणारी आहे. हे विष कोणी दुधात मिसळत नाही. गवळी, संकलन केंद्र, डेअरी, दुकानदार यांपैकी प्रत्येक जण पूर्णपणे प्रामाणिक असला, तरीही ते दुधात असू शकते. कारण ते गायी-म्हशींच्या शरीरात तयार होते आणि त्याचे मूळ त्यांच्या खाद्यात असते. भेसळीविरुद्धचे सारे कायदे व सारी यंत्रणा ज्या टप्प्यावर काम सुरू करते, त्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न निर्माण झालेला असतो. यास्तव जनावराच्या शरीरात या विषाचे नेमके काय होते, हा केवळ पशुवैद्यकांच्या अभ्यासाचा विषय राहत नाही. सकाळच्या चहाचा आणि मुलांच्या पेल्यातील दुधाचाही तो विषय ठरतो.

एक लाख टर्की आणि एक नवे नाव

बुरशी आलेले धान्य वाईट, हे शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. परंतु त्यामागील विषाची ओळख विज्ञानाला पटली ती १९६० मध्ये, इंग्लंडमध्ये. तेथे काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अनाकलनीय रोगाने दगावले. रोगाचे कारण सापडेना म्हणून त्याला 'टर्की एक्स' असेच नाव पडले. तपासाची दिशा अखेर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीकडे वळली. त्या पेंडीवर 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' या बुरशीची वाढ झाली होती. बुरशीच्या नावातील आद्याक्षरे घेऊन विषाचे नाव 'अ‍ॅफ्लाटॉक्सिन' ठेवण्यात आले. अतिनील प्रकाशात निळे चमकणारे ते 'बी' आणि हिरवे चमकणारे ते 'जी' अशी वर्गवारी झाली. विषारी पेंड खाल्लेल्या गायींच्या दुधातही विषाचा अंश उतरतो, हे त्यानंतर दोन-तीन वर्षांतच स्पष्ट झाले. इंग्रजीतील 'मिल्क' या शब्दावरून त्या दुधातल्या रूपाला 'एम' हे अक्षर मिळाले. म्हणजे दुधातील हा धोका विज्ञानाला सहा दशकांहून अधिक काळ माहीत आहे.

भारताला या विषाचा अत्यंत कटू अनुभव १९७४ मध्ये आला. गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासीबहुल जिल्ह्यांत, ऐन काढणीच्या सुमारास झालेल्या अवकाळी पावसाने मका भिजला. गरिबांनी तोच मका साठवला आणि खाल्ला. ३९७ जणांना यकृताचा गंभीर विकार जडला; त्यांपैकी १०६ जण मरण पावले. माणसांबरोबर त्याच घरांतले, तेच अन्न खाणारे कुत्रेही कावीळ होऊन मेले. माणूस आणि पाळीव प्राणी एकाच विषाला एकाच वेळी कसे बळी पडतात, याचे हे विदारक उदाहरण होते.

यकृताची दुधारी प्रक्रिया

खाद्यातून पोटात गेलेले अ‍ॅफ्लाटॉक्सिन बी-१ हे लहान आतड्यातून अतिशय सहज व वेगाने शोषले जाते. त्याचा रेणू लहान असतो व तो स्निग्ध पदार्थांत विरघळतो; त्यामुळे आतड्याच्या पेशींचे आवरण त्याला अडवू शकत नाही. तेथून रक्तावाटे ते थेट यकृतात पोहोचते. नको असलेला पदार्थ पाण्यात विरघळेल असा बनवायचा आणि मूत्र किंवा पित्तावाटे बाहेर टाकायचा, हे यकृताचे नेहमीचे काम. बी-१ च्या बाबतीतही यकृत तेच करू पाहते. पण येथे वाट दुभंगते.

एका वाटेने यकृतातील विकरे बी-१ च्या रेणूला प्राणवायूचा एक अणू अशा ठिकाणी जोडतात, की त्यातून 'इपॉक्साइड' नावाचा कमालीचा क्रियाशील पदार्थ तयार होतो. तो पेशीतील जनुकीय द्रव्याला घट्ट चिकटतो. कर्करोगाची सुरुवात होते ती येथूनच. म्हणजे मूळ बी-१ पेक्षा, त्याला निरुपद्रवी करण्याच्या प्रयत्नातून जन्मलेला हा पदार्थच अधिक घातक असतो. दुसऱ्या वाटेने रेणूला वेगळ्या जागी प्राणवायू व हायड्रोजनची जोडी चिकटते आणि एम-१ तयार होते. ते पाण्यात अधिक विरघळणारे असल्याने मूत्रात जाते. दुभत्या जनावरात दुधातही जाते. जनावराच्या दृष्टीने ही सुटका असली, तरी ते दूध पिणाऱ्याच्या दृष्टीने ती संकटाची सुरुवात असते.

निरनिराळे प्राणी या विषाला निरनिराळ्या प्रकारे तोंड देतात, त्याचे रहस्यही याच टप्प्यात दडलेले आहे. घातक इपॉक्साइडला ग्लुटाथायोन नावाच्या द्रव्याशी बांधून निष्प्रभ करणारे एक विकर यकृतात असते. उंदराच्या यकृतात ते भरपूर व कार्यक्षम असते. म्हणून उंदीर या विषाला दाद देत नाही. टर्कीच्या यकृतात ते जवळपास निकामी असते. १९६० मध्ये टर्कीच का मेले, याचे उत्तर तेथे मिळते. बदकाची पिल्लेही अशीच नाजूक, तर कोंबडी त्या मानाने काटक. मेंढी बऱ्यापैकी सोसते. मोठ्या गायीपेक्षा वासरू अधिक लवकर बळी पडते. विषाची मात्रा एकच असली तरी परिणाम एकच असेल असे नाही. त्यामुळे सगळ्या पशुखाद्याला सरसकट एकच मोजपट्टी लावणे शास्त्राला धरून होत नाही.

कोटीपोटाचे संरक्षण अपुरे

रवंथ करणाऱ्या जनावरांना निसर्गाने एक विशेष संरक्षण दिले आहे. त्यांच्या जठराचा पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यातील अब्जावधी सूक्ष्म जीव चारा आंबवतात आणि येताजाता अनेक विषांचाही निकाल लावतात. 'ऑक्राटॉक्सिन' हे मूत्रपिंडाला घातक असलेले बुरशीजन्य विष गायीच्या कोटीपोटात बहुतांशी फोडले जाते. डुकराला हा कप्पा नसतो. त्याच्या रक्तातील प्रथिनांना हे विष चिकटून दीर्घकाळ राहते आणि मूत्रपिंड खराब करते. डेन्मार्कमध्ये कत्तलखान्यांत डुकरांची मूत्रपिंडे तपासून या विषावर लक्ष ठेवण्याची पद्धत पडली ती यामुळेच. 'डीऑक्सिनिव्हॅलेनॉल' या विषामुळे डुक्कर खाणे सोडते, वांत्या करते. गाय मात्र कोटीपोटातील जिवाणूंच्या कृपेने त्याचा बराचसा भाग पचवते.

परंतु हे संरक्षण सर्व विषांना लागू होत नाही. 'झीरालेनोन' या विषाचे कोटीपोटात जे रूपांतर होते, त्यातील एक रूप स्त्री-संप्रेरकासारखे काम करण्यात मूळ विषापेक्षाही प्रभावी असते. 'फ्युमोनिसिन' हे मक्यावरील विष आतड्यातून जेमतेम शोषले जाते. तरीही तेवढ्या अंशाने घोड्याच्या मेंदूचा ऱ्हास होतो आणि डुकराच्या फुप्फुसांत पाणी भरते. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत पावसाने भिजलेली बुरशीयुक्त ज्वारी व मका खाऊन माणसांना पोटदुखी व जुलाबांचा त्रास झाला, त्यामागेही हेच विष असल्याचे निदान झाले होते. अ‍ॅफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत तर कोटीपोटाची मदत अगदीच तोकडी पडते. ते तेथून बव्हंशी तसेच पुढे सरकते.

बाधित खाद्य खाल्ल्यानंतर बारा ते चोवीस तासांत एम-१ दुधात दिसू लागते. खाद्य बदलले तर साधारण तीन-चार दिवसांत ते ओसरते. ही बाब दिलासा देणारी आहे. उपाय वेळीच झाला तर दूध लवकर सुधारते. मात्र उपाय होण्यासाठी आधी कोणी तरी मोजले पाहिजे.

हिशेब काय सांगतो?

गायीने खाल्लेल्या बी-१ पैकी साधारणपणे एक ते दोन टक्के भाग एम-१ च्या रूपाने दुधात उतरतो. अधिक दूध देणाऱ्या गायींत हे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. येथे एक साधा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या मानकानुसार गायी-म्हशींच्या संयुक्त खाद्यात किलोमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत बी-१ चालते. दिवसाला आठ किलो खुराक खाणारी आणि दहा लिटर दूध देणारी गाय घेतली, तर तिच्या पोटात १६० मायक्रोग्रॅम विष जाते. त्यातील दोन टक्के दुधात आले, तर लिटरमागे ०.३२ मायक्रोग्रॅम एम-१ सापडेल. दुधातील भारतीय मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हे दूध उत्तीर्ण होईल.

आता बारा किलो खुराक खाणारी आणि पंचवीस लिटर दूध देणारी संकरित गाय घ्या. मानकात बसणारेच खाद्य तिला दिले आणि सहा टक्के विष दुधात उतरले, तर लिटरमागे सुमारे ०.५८ मायक्रोग्रॅम एम-१ होते. खाद्य 'मानकाप्रमाणे' असूनही दूध नापास! आणि खाद्यात २० ऐवजी १०० मायक्रोग्रॅम विष असेल, तर पहिल्या गायीचेही दूध मर्यादेच्या तिपटीवर जाईल. दुग्धोत्पादन वाढवण्यासाठी गेल्या काही दशकांत जी वाट धरली गेली, म्हणजे अधिक दूध देणारे संकरित जनावर आणि त्याला अधिक खुराक, त्याच वाटेने विषाचा दुधात येणारा वाटाही वाढू शकतो. युरोपीय संघाने दुभत्या जनावरांच्या संयुक्त खाद्यासाठी ५ मायक्रोग्रॅमची आणि दुधासाठी ०.०५ मायक्रोग्रॅमची, म्हणजे भारताच्या एक दशांश, मर्यादा ठेवली आहे. अमेरिकेची दुधाची मर्यादा भारताइतकीच आहे.

अर्थात मर्यादा कडक असली म्हणजे प्रश्न सुटतो, असे नव्हे. २०१२ च्या दुष्काळानंतर बाल्कन प्रदेशात मक्यावर अ‍ॅफ्लाटॉक्सिनचा कहर झाला. २०१३ च्या आरंभी सर्बियातील दूध युरोपीय मर्यादेबाहेर गेले, तेव्हा तेथील सरकारने दूध बाजारातून हटवण्याऐवजी मर्यादाच दसपट सैल केली. खाद्यावर वेळीच नियंत्रण नसेल, तर ऐन संकटात आकडा बदलण्यापलीकडे सरकारच्या हाती काही उरत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

भीती नको, दुर्लक्षही नको

मग दूध पिणे सोडावे काय? तसे करण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅफ्लाटॉक्सिनांना कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले आहे, हे खरे. तथापि एम-१ ची कर्करोगकारक शक्ती बी-१ च्या सुमारे एक दशांश मानली जाते. हिपॅटायटिस-बी विषाणूची बाधा असलेल्यांना मात्र अ‍ॅफ्लाटॉक्सिनचा धोका कित्येक पटींनी अधिक असतो. दुधाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. लहान मुलाचे वजन कमी आणि आहारात दुधाचा वाटा मोठा. त्यामुळे वजनाच्या प्रमाणात सर्वाधिक विष जाते ते मुलांच्याच पोटात. २०२३-२४ मध्ये देशातील दूध उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन होते. एवढ्या अवाढव्य प्रमाणावर रोज प्यायल्या जाणाऱ्या पदार्थात अल्पसा धोकाही किरकोळ मानता येत नाही.

घरच्या उपायांवरही विसंबता येत नाही. दूध उकळल्याने किंवा पाश्चरीकरणाने एम-१ नष्ट होत नाही. ते दुधातील केसीन या प्रथिनाशी जोडले जात असल्याने पनीर व चीजमध्ये त्याची तीव्रता दुधापेक्षा वाढते. दूध आटवून केलेल्या खव्यातही तेच होते. तूप व लोण्यात त्याचा अंश कमी असतो. मांस आणि अंड्यांत अ‍ॅफ्लाटॉक्सिनचे अवशेष दुधाच्या मानाने फारच थोडे उतरतात. म्हणूनच या साऱ्या प्रश्नाचा केंद्रबिंदू दूध हाच राहतो.

उरलेले, खराब ते जनावराला

या प्रश्नाची मुळे तांत्रिक आहेत, तितकीच सवयीतही आहेत. माणसाने नाकारलेले धान्य जनावराच्या वाट्याला जाते, हा ग्रामीण अर्थव्यवहाराचा अलिखित नियम आहे. महाराष्ट्रात परतीच्या पावसात सापडलेला मका, काळा पडलेला कडबा, ओल लागलेली सरकी व शेंगदाणा पेंड, डाळ गिरणीतली चुनी हे सारे अखेर गव्हाणीतच पोहोचते. मक्याचा दाणा चौदा टक्क्यांहून अधिक ओलसर राहिला आणि हवा उष्ण व दमट असली, की बुरशीला आणखी काही लागत नाही. शहरातही बुरशी धरलेली पोळी आणि पाव 'गायीला घालण्याची' पद्धत पुण्यकर्म म्हणून चालत आली आहे. जनावर काहीही पचवते, ही समजूत या साऱ्याच्या मुळाशी आहे.

त्यात आता नव्या घटकाची भर पडली आहे. २०२३-२४ पासून इथेनॉलसाठी मक्याचा वापर झपाट्याने वाढला. मद्यार्क काढून घेतल्यानंतर उरणारा कोरडा चोथा 'डीडीजीएस' या नावाने पशुखाद्यात स्वस्त प्रथिन म्हणून जाऊ लागला. आंबवण्याच्या प्रक्रियेत स्टार्च निघून जातो, विष मात्र मागे राहते. त्यामुळे मूळ धान्यातील विषाची तीव्रता चोथ्यात सुमारे तिपटीने वाढते. इथेनॉलसाठी खराब झालेले धान्य वापरण्याची मुभा धोरणातच आहे. इंधनासाठी ती समर्थनीय असेलही. पण त्या धान्याचा चोथा गोठ्यात जाणार असेल, तर तपासणीविना त्याला परवानगी देणे धोक्याचे आहे.

तपासणी कोठे हवी?

संकलन केंद्रावर शेतकऱ्याला दर मिळतो तो फॅट आणि एसएनएफ पाहून. विषमुक्त दुधाला एक पैसाही जास्त मिळत नाही आणि विषयुक्त दुधाला एक पैसाही कमी मिळत नाही. चांगल्या, कोरड्या खाद्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारणच मग शेतकऱ्याजवळ उरत नाही. त्यालाही नुकसान होतेच. दीर्घकाळ अल्प मात्रेत विष खाणारे जनावर कमी खाते, कमी दूध देते, वारंवार आजारी पडते आणि त्याची गाभण राहण्याची क्षमताही घटते. मात्र हे नुकसान इतके संथ असते, की त्याचे खापर हवामानावर, नशिबावर किंवा जनावराच्या वाणावर फुटते.

२०१९ च्या सर्वेक्षण अहवालाबरोबर प्राधिकरणाने एक स्पष्ट कबुली दिली होती: हे विष चाऱ्या-खाद्यातून येते आणि देशात चाऱ्या-खाद्यावर नियमन नाही. त्यापाठोपाठ जानेवारी २०२० मध्ये, दूध व मांस देणाऱ्या जनावरांचे व्यापारी खाद्य भारतीय मानक ब्युरोच्या मानकांनुसारच असावे, असा निर्देश निघाला. त्याच्या अंमलबजावणीला मात्र मुदतवाढ द्यावी लागली. शिवाय असा निर्देश लागू होतो तो कारखान्यातील गोणीबंद खाद्याला. बाजारातून सुटी आणलेली पेंड, घरचा मका, शेतातला कडबा आणि नीट न दाबल्याने बुरशी आलेला मुरघास यांना तो लागू होत नाही. लहान शेतकऱ्याच्या गोठ्यात नेमके हेच खाद्य असते.

उपायांसाठी नव्या शोधांची वाट पाहण्याची गरज नाही. मका वाळवण्यासाठी सामायिक ओटे व यंत्रे, खरेदी-विक्रीच्या ठिकाणी ओलावा मोजण्याची सोय, पेंड व डीडीजीएसच्या प्रत्येक खेपेची पट्टीद्वारे चाचणी, ही कामे सहकारी दूध संघांच्या आवाक्यातील आहेत. खाद्यात बेंटोनाइटसारखी माती ठरावीक प्रमाणात मिसळली, तर ती आतड्यातच अ‍ॅफ्लाटॉक्सिनला धरून ठेवते आणि ते रक्तात जाऊ न देता शेणावाटे बाहेर पडते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये या वापराला मान्यता दिली आहे. मात्र ही माती सर्व विषांवर लागू पडत नाही आणि खराब खाद्य खपवण्याचा परवाना म्हणूनही तिच्याकडे पाहता कामा नये. आफ्रिकेतील काही देशांत तर शेतातच विष न बनवणाऱ्या बुरशीचे बीज पेरून विषारी बुरशीला हटवण्याचा प्रयोग यशस्वी झाला आहे.

या उपायांचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकला, तर ते कागदावरच राहतील. दुधाच्या दराला फॅटबरोबर सुरक्षिततेचीही जोड द्यावी लागेल आणि त्यासाठी शहरी ग्राहकाने लिटरमागे काही पैसे अधिक मोजण्याची तयारी ठेवावी लागेल. सरकारनेही मर्यादेचा आकडा आणि पिशवीची तपासणी यांपलीकडे जाऊन पेंड, मका व चोथा यांच्या बाजाराकडे लक्ष वळवायला हवे. पिशवीतील दूध नापास ठरते तेव्हा त्या दिवसाचे दूध घराघरांत पोहोचलेले असते. तीच चाचणी पेंडीच्या गोणीवर झाली, तर एक गोणी वाया जाईल; आठवडाभराचे दूध वाचेल.